ग्लाउन्टेनचे मास्तर

कागद साधा, वहीतून फाडलेला. त्यावर पाच आडव्या रेघा. पाच रेघांमधली घरं चार आणि फिडलच्या, म्हणजे व्हायोलिनच्या, ताराही चार, म्हणून एकेक घर एकेका तारेचं. घरात आकडे लिहिलेले. शून्य म्हणजे तार मोकळी वाजवायची, एक म्हणजे पहिलं बोट, चार म्हणजे करंगळी. मधूनमधून उभ्या रेघा, तालाचे तुकडे पाडायला. पाश्चात्त्य स्वरलिपीचे काळे-पांढरे टिपके कुठेच नाहीत. ज्या पोराला चारपर्यंत आकडे येतात त्याला हा कागद वाचता येतो. स्कार्टाग्लिन गावाजवळच्या शेतघरात मी तो पाहिला. जमिनीच्या खरेदीखताबरोबर एकाच पाकिटात तो ठेवलेला होता.

"हे मास्तरांचं अक्षर," घरचे आजोबा म्हणाले. कागद त्यांनी माझ्या हातात दिला नाही. टेबलावर ठेवला आणि मला वाकून बघू दिलं.

नोकरीच्या निमित्ताने मी आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, केरी काउंटीत राहते. हे आजोबा माझ्या घरमालकीणबाईंचे थोरले भाऊ. लहानपणी ते आणि त्यांची बहीण दोघंही मास्तरांकडे फिडल शिकले. मास्तर म्हणजे पॉड्रिग ओकीफ. त्यांना जाऊन साठ वर्षं उलटली, पण केरी आणि कॉर्कच्या सीमेवरच्या या डोंगराळ मुलुखात नुसतं 'मास्तर' म्हटलं तरी जुन्या माणसांना दुसरं कुणी आठवत नाही.

या मुलुखाचं नाव श्लीव्ह लुआख्रा. नकाशावर त्याच्या हद्दी नीट सापडत नाहीत. पाणथळ, गवताळ माळ, दलदलीतून कापून काढलेलं पीट हे इंधन, थोडी गुरं आणि बेताची जमीन. पिकाच्या बाबतीत हात आखडलेल्या या मातीने कवी मात्र भरभरून दिले. ईगॉन ओ राहिली इथला, ओएन रुआ ओ सुलवॉन इथला. १९०४ साली आयरिश भाषेचा मोठा कोश काढणारे फादर डिनीन हेही इथलेच. ओएन रुआची कथा ऐकताना मास्तरांची चाहूल लागते. जन्म १७४८चा. कॅथलिकांच्या शाळांवर इंग्रजी सत्तेने १६९५ सालीच बंदी घातलेली होती. तेव्हापासून गोरगरिबांची पोरं कुंपणाच्या आडोशाला, गोठ्यात, पडक्या झोपडीत शिकत, आणि शिकवणारे मास्तर गावोगाव हिंडत. ओएन रुआने ग्नीव्हगिलात अशी शाळा चालवली, शेतमजुरी केली, आरमारात चाकरी केली, आणि १७८४ साली ऐन तारुण्यात तो गेला. विद्वान, फिरस्ता, पिणारा, हजरजबाबी मास्तर ही इथल्या लोकांच्या ओळखीची व्यक्ती आहे. पॉड्रिग ओकीफ तिच्यात सहज बसले. माझ्या मते जरा जास्तच सहज बसवले गेले.

जन्म ८ ऑक्टोबर १८८७, कॅसलआयलंडजवळच्या ग्लाउन्टेनचा. वडील तिथल्या राष्ट्रीय शाळेचे हेडमास्तर. घरात पुस्तकं, शिस्त, चार लोकांत मान. सूर मात्र आईकडून आला. ती कॉर्कच्या बाजूची, डूनच्या ओकॅलहन घराण्यातली, आणि त्या घरात वाद्यांना सुट्टी म्हणून नव्हती. लहानगा पॉड्रिग आजोळी राही तेव्हा मामाने, कॅल ओकॅलहनने, त्याच्या हातात फिडल दिलं. पुढे डब्लिनला जाऊन त्याने शिक्षकाचं रीतसर शिक्षण घेतलं आणि १९१५ साली वडिलांच्या जागी ग्लाउन्टेनच्या शाळेचा कारभार हाती घेतला. पाच वर्षांत, १९२० साली, त्याला काढून टाकलं.

का काढलं, याच्या जितकी घरं तितक्या गोष्टी. कुणी म्हणतं, सकाळी शाळेचं दार उघडायला मास्तरच नसत. कुणी दारूवर बोट ठेवतं. कुणी म्हणतं, निरीक्षकाला त्यांनी असं उत्तर दिलं की तो परत फिरकलाच नाही, फक्त पत्र आलं. सगळ्या गोष्टींत एक धागा समान आहे. घड्याळावर चालणारी शाळा त्यांना मानवत नव्हती. देशात तेव्हा स्वातंत्र्याचं युद्ध पेटलेलं, रस्त्यांवर लष्कराच्या गाड्या. एका खेड्यातल्या मास्तराची नोकरी गेल्याचं कुणाला काय वाटणार? लग्न त्यांनी केलं नाही. घर होतं, पण घरी सापडतील तर शपथ.

नोकरी गेल्यावर पुढली चाळीसएक वर्षं हा माणूस चालत राहिला. कॅसलआयलंड, स्कार्टाग्लिन, बॅलीडेस्मंड, ग्नीव्हगिला, नॉकनग्री अशी फेरी होती, आणि वाटेत लागणारी शेतघरं ही त्यांची शाळा. त्यांच्या आधी टॉम बिली मर्फी नावाचा अंध फिडलवाला गाढवावर बसून अशीच शिकवणी करत हिंडे. तेव्हा वाट नवी नव्हती. नवी होती ती लेखणी.

आजोबा सांगतात, "आमचा वार ठरलेला होता. आई चुलीवर किटली ठेवायची आणि बाबा अंगणात जाऊन रस्ता बघायचे. मास्तर यायचे, टोपी काढायचे, चहा घ्यायचे. मग म्हणायचे, मागच्या आठवड्याचं वाजव. मी वाजवायचो. चुकलो तर ते रागवत नसत, नुसती मान दुसरीकडे वळवत. ती मान वळली की माझ्या पोटात गोळा यायचा." गत बसली असली तर टेबलावर कागद पसरून मास्तर तिथल्या तिथे नवी गत लिहून देत. पुढ्यात पुस्तक नाही, मधे गुणगुणणं नाही. गत डोक्यातून थेट आकड्यांत उतरे. ॲकॉर्डियन शिकणाऱ्यांसाठी त्यांनी वेगळी लिपी केली होती. बटणांचे आकडे आणि भाता आत दाबायचा की बाहेर ओढायचा याच्या खुणा. पाश्चात्त्य स्वरलिपी त्यांना उत्तम येत होती, पण दिवसभर पीट कापून आलेल्या पोराला ती शिकवण्यात सहा महिने घालवण्यापेक्षा सहा आठवड्यांत त्याच्याकडून पोल्का, म्हणजे नाचाची एक गत, वाजवून घ्यावा, हा त्यांचा हिशेब. भातखंड्यांच्या स्वरलिपीवर वाढलेल्या आपल्या लोकांना या कामाचं मोल वेगळं सांगायला नको. भातखंड्यांपुढे सारा देश होता. मास्तरांपुढे एका वेळी एकच मूल असे.

आणि मुलागणिक गत बदले. आजोबांच्या आणि त्यांच्या बहिणीच्या कागदांत एकच पोल्का आहे. पहिला भाग सारखा, दुसऱ्यात तीन ठिकाणी फरक. बहिणीची करंगळी लहान होती म्हणून तिला चौथं बोट टाळून लिहून दिलं, असं आजोबांचं म्हणणं. बहीण म्हणते, तसं काही नाही, माझा हात हलका होता म्हणून मला अवघड वळण दिलं. सत्तर वर्षांनंतरही हा वाद मिटलेला नाही. मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले. फिडल मला वाजवता येत नाही, पण आकडे कळतात. बाईंच्या कागदावर चौथं बोट खरंच एकदाही येत नाही.

इथे मला मनातलं सांगायचं आहे. मास्तरांच्या ज्या गोष्टी लोकांच्या तोंडी आहेत त्या बहुतेक गुत्त्यातल्या. उधारी, टोमणे, कुठेतरी विसरलेलं फिडल, दुसऱ्याचं मागून घेतलेलं. त्या ऐकताना सगळे हसतात, मीही हसते. पण नुसत्या गोष्टींवर विसंबलं तर वाटेल की हा माणूस आयुष्यभर बाकावर बसून राहिला. त्याच्या हातचे शेकडो कागद घरोघर निघाले आहेत. डब्लिनच्या आयरिश ट्रॅडिशनल म्युझिक आर्काइव्हनेही ते जपले आहेत. एवढं लिहायला बसावं लागतं, आणि ते पोचवायला पावसापाण्यातून मैलोगणती चालावं लागतं. गोष्टींमध्ये मास्तर गुत्त्यात दिसतात, कागदांमध्ये कामावर दिसतात. दोन्ही खरं आहे, पण मागे राहिलं ते काम.

त्यांचं स्वतःचं वादन कसं होतं? या मुलुखाची चाल नाचाची. रील आणि जिग इथेही आहेत, पण जीव पोल्का आणि स्लाइडमध्ये. चार जोड्या समोरासमोर उभ्या राहतात आणि स्वयंपाकघराच्या दगडी फरशीवर टाचा आपटत 'सेट' नाचतात. त्यांना पाय उचलायला लावील असा गज लागतो, आखूड आणि ठसक्याचा. मास्तर तो शिकवत. मात्र स्वतःसाठी वाजवताना ते संथ विलापगीतांकडे वळत. ती ऐकताना गज थांबल्यासारखा वाटतो आणि थांबलेला नसतो.

एक गत मात्र डोळ्यांनी बघण्यासारखी होती असं म्हातारी माणसं सांगतात. पाळणा हलवणाऱ्या म्हाताऱ्याची. तिच्यासाठी मास्तर दाराची मोठी लोखंडी किल्ली मागून घेत. किल्ली दातांत धरायची, मान खाली घालून तिचं टोक फिडलच्या घोडीला टेकवायचं आणि गज चालवायचा. घोडीचं कंप पावणं अर्धं दाबलं जातं, आवाज नाकातून आल्यासारखा होतो, आणि किल्ली टेकवत-उचलत राहिलं की फिडल तान्ह्या बाळासारखं 'मा-मा' म्हणू लागतं. घरमालकीणबाई लहानपणी हे ऐकून पाळण्यात बघायला धावल्या होत्या म्हणे. हे ध्वनिमुद्रणात टिकलं आहे, म्हणून मलाही ऐकता आलं.

ते टिकवलं शेमस एनिसने. हा स्वतः मोठा पाइपवादक. आयरिश रेडिओसाठी तो खेडोपाडी सूर गोळा करत हिंडत होता. १९४८-४९ मध्ये त्याने मास्तरांना गाठलं, आणि १९५२ मध्ये, बीबीसीत गेल्यावर, पुन्हा एकदा कॅसलआयलंडला येऊन. त्या दुसऱ्या वेळी मास्तरांबरोबर त्यांचे दोन शिष्य होते, लिशीनच्या मर्फी घरातले डेनिस आणि ज्युलिया. बहीणभावांना त्यांनी पोरवयापासून शिकवलं होतं. तीन फिडल एकत्र वाजताना कुठलं गुरूचं आणि कुठलं शिष्याचं हे ओळखणं कठीण जातं. ते मुद्रण 'केरी फिडल्स' या नावाने तबकडीवर आलं १९७७ साली. तोवर मास्तर नव्हते आणि डेनिसही नव्हता.

मधल्या काळात हा मुलूख रिकामा होत गेला. १९३५ मध्ये सार्वजनिक नाचगृहांचा कायदा आला. नाचाला परवाना लागू लागला, आणि पाद्री व पोलीस यांच्या धाकाने घरातले नाचही बंद पडत गेले. पुढे १९५०च्या दशकात चार लाखांच्या आसपास माणसं देश सोडून गेली. डेनिस काही वर्षं न्यूयॉर्कला होता. ज्युलिया आधी स्कॉटलंडला, मग लंडनला. तिथल्या गजबजलेल्या नाचगृहात आवाज पोचावा म्हणून ती कर्णा लावलेलं स्ट्रो फिडल वाजवी. आजोबांच्या वर्गमित्रांतले निम्मे इंग्लंडात विटा रचत होते. मास्तरांची फेरी मात्र चालू होती. दार उघडणारी घरं कमी झाली, आणि जी उघडत तिथे शिकणारं पोर नसलं तरी चहा मिळे. आजोबांची आई म्हणायची, शेवटी शेवटी मास्तर येत ते ऊब शोधत.

१९६२-६३चा हिवाळा आयर्लंडमध्ये अजून नाव घेऊन सांगतात, इतका तो कडक होता. त्या थंडीत मास्तर न्यूमोनियाने आजारी पडले आणि फेब्रुवारी १९६३ मध्ये ट्रालीच्या रुग्णालयात गेले. वय पंचाहत्तर.

पुढच्याच वर्षादोन वर्षांत नॉकनग्रीच्या एका पबमध्ये डेनिस मर्फी फिडल घेऊन आणि जॉनी ओलिअरी ॲकॉर्डियन घेऊन नाचासाठी वाजवायला बसू लागले. डेनिस १९७४ मध्ये गेला, ओलिअरी त्यानंतरही वर्षानुवर्षं वाजवत राहिला. त्याच्या वादनातून आज कुणी नवखा श्लीव्ह लुआख्राची गत उचलतो तेव्हा तिच्यात मास्तरांचे आकडे असतात, त्याला माहीत असो वा नसो.

कॅसलआयलंडला १९९३ पासून ऑक्टोबरच्या शेवटी मास्तरांच्या नावाने उत्सव भरतो. गेल्या खेपेस मी आजोबांना गाडीतून घेऊन गेले. पबमध्ये सेट सुरू झाला, वाजवणारी पोरं विशीतली, हात भलतेच तयार. आजोबा काठी टेकून पहिला भाग ऐकत उभे राहिले, मग काठी माझ्याकडे देऊन शेजारच्या बाईंना नाचायला विचारलं. तीन आवर्तनं त्यांनी पुरी केली. गत संपल्यावर ते नाचाच्या जागेवरून थेट फिडलवाल्या मुलीकडे गेले आणि म्हणाले, "छान वाजवतेस, पण पळतेस. आमची टाच खाली यायच्या आत तुझा गज पुढे गेलेला असतो. दुसऱ्या भागात चौथं बोट घे, मोकळी तार नको, मग आपोआप थांबशील." मुलीने फिडल पुन्हा खांद्याला लावलं आणि तो भाग चौथ्या बोटाने वाजवून बघितला. मग त्यांना विचारलं, ही गत तुमच्याकडे लिहिलेली आहे का?

"आहे," आजोबा म्हणाले, "पण माझीच घे. बहिणीची नको."