हॅपी बर्थडे जोशी

गेल्या महिन्यात पापडीतल्या आमच्या घरी लॅपटॉपमध्ये मालवेअर शिरलं. धाकट्या भावाने एका गेमची फुकटातली, क्रॅक केलेली प्रत उतरवली होती. दोन दिवसांत त्याच्या इन्स्टाग्रामवरून भलत्याच लोकांना मेसेज जायला लागले. घरात सॉफ्टवेअरवाली मीच, त्यामुळे रविवारी दुपारी मी फॅक्टरी रिसेट केलं.

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "सगळं पुसलंस ना? मग बँकेचं उघडू?"

बाबा निवृत्त झालेत. पेन्शन, ठेवी, सगळं ते याच लॅपटॉपवर बघतात. मी "हो" म्हणाले आणि लगेच म्हणाले, "थांबा बाबा, उद्या उघडा."

पुसल्यावरही काहीतरी उरलं असेल, ही भीती तुम्हालाही वाटली असेल. ती वेडेपणाची नाही. माझ्या जन्माआधी ती अगदी खरी होती, आणि तिच्या इतिहासात एक जोशीही आहे.

१९८६ साली लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी 'ब्रेन' नावाचा व्हायरस लिहिला. आत स्वतःचं नाव, पत्ता, फोन नंबरसुद्धा टाकला. तो बसायचा फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी वाचला जातो त्या जागी. तिथे बसलेला प्रोग्राम बाकी सगळ्यांच्या आधी जागा होतो.

जून १९९० मध्ये भारतात याच जातीचा एक व्हायरस सापडला. नाव 'जोशी'. दरवर्षी ५ जानेवारीला कॉम्प्युटर अडून बसायचा आणि पडद्यावर फर्मान यायचं: 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. शुभेच्छा दिल्या की काम पुढे चालू.

गंमत इथे संपते. जोशी मेमरीत असताना कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला, तरी तो टिकून राहायचा. तुम्ही बूट सेक्टर तपासायला गेलात, तर तो खऱ्या सेक्टरची जपून ठेवलेली प्रत पुढे करायचा. आणि हार्ड डिस्कवर तो अगदी पहिल्या सेक्टरमध्ये बसायचा. डॉसमधली फॉरमॅटची कमांड त्या सेक्टरला हातच लावत नसे. म्हणजे माणूस अख्खी सी ड्राइव्ह फॉरमॅट करून निश्चिंत झोपायचा, आणि जोशी जिथल्या तिथे. घालवायचा तर कॉम्प्युटर पूर्ण बंद करायचा, स्वच्छ फ्लॉपीने सुरू करायचा आणि मग तो पहिला सेक्टर दुरुस्त करायचा.

असल्या दुरुस्तीतूनच पुण्यात एक मोठा उद्योग उभा राहिला. कैलाश काटकर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवत. येणाऱ्या मशिनांमधली बरीचशी व्हायरसने बिघडलेली असत. त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी 'मायकेलअँजेलो' या बूट सेक्टरमधल्याच व्हायरसवर उपाय म्हणून एक प्रोग्राम लिहिला. तिथून पुढे 'क्विक हील' आलं.

मग व्हायरस डिस्कच्या पलीकडे पोचले. तैवानच्या चेन इंग-हाऊ या विद्यार्थ्याने लिहिलेला 'सीआयएच' २६ एप्रिल १९९९ रोजी जगभर पेटला. तो डिस्कवरची माहिती तर बिघडवायचाच, शिवाय काही मदरबोर्डांवरची बायोसची चिपही पुसून टाकायचा. मशीन सुरूच होत नसे. त्या चिपमध्ये बाहेरचा प्रोग्रामही लिहू शकतो, हे तेव्हा सगळ्यांना कळलं. २०१८ मध्ये 'ईसेट' कंपनीने 'लोजॅक्स' शोधून काढला. हा त्याच चिपमध्ये लपून राहणारा. विंडोज नव्याने टाका, डिस्क बदला, तो परत येतो. पण त्याचं लक्ष्य होतं पूर्व आणि मध्य युरोपातली सरकारी कार्यालयं. इतका खटाटोप कुणी पापडीतल्या पेन्शनसाठी सहसा करत नाही.

म्हणून "पुसलं का?" हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचं ते "कुठपर्यंत पुसलं?" विंडोजचं रिसेट बऱ्याचदा त्याच डिस्कवरच्या फाइलींमधून नवं विंडोज उभं करतं. 'माझ्या फाइल्स ठेवा' हा पर्याय निवडला, तर डाउनलोडमधला तो गेमही तिथेच राहू शकतो. आणि भावाने तोच पर्याय निवडायला लावला होता, कारण फोटो जायला नको होते!

रात्री मी ऑफिसच्या नव्हे, मैत्रिणीच्या स्वच्छ लॅपटॉपवर विंडोजचा पेनड्राइव्ह बनवला. भावाचे फोटो तेवढे वेगळे काढले, डिस्कवरची सगळी पार्टिशनं उडवली आणि विंडोज नव्याने टाकलं. बायोसही कंपनीच्या अधिकृत साइटवरून अपडेट केलं.

तरी मुख्य काम उरलंच होतं. हल्लीच्या चोराला आपल्या मशीनमध्ये मुक्काम करायची गरज नसते. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि चालू लॉगिन पहिल्याच दिवशी बाहेर जातात. ते त्याच्याकडे गेल्यावर लॅपटॉप कितीही पुसा, काय उपयोग? म्हणून माझ्या फोनवरून सगळ्यांचे पासवर्ड बदलले, प्रत्येक खात्यातून 'सर्व डिव्हाइसवरून लॉगआउट' केलं, टू-स्टेप चालू केलं. सगळ्यात आधी ईमेल, कारण बाकीचे पासवर्ड तिथूनच बदलता येतात. मग बाबांची बँक.

सोमवारी सकाळी बाबा चहा घेऊन लॅपटॉपसमोर बसले. बँकेचं पान उघडलं, चष्मा लावला आणि मला म्हणाले, "तू जरा तिकडे बघ."

मी तिकडे बघितलं.