ऑगस्ट ते ऑक्टोबर १९५१ : एका राजीनाम्याची कागदपत्रे

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी केंद्रीय कायदामंत्रिपद का सोडले, या प्रश्नाला एक तयार उत्तर आहे : हिंदू कोड बिलासाठी. उत्तर चुकीचे नाही. पण ते ज्या कागदांवर उभे आहे ते तारीखवार लावले की चित्र थोडे बदलते. कागद फार नाहीत. १० ऑगस्ट १९५१ रोजी आंबेडकरांनी पंतप्रधान नेहरूंना लिहिलेले पत्र, नेहरूंचे उत्तर, १५ सप्टेंबरचे राष्ट्रपतींचे पत्र, २७ सप्टेंबरचे राजीनामापत्र आणि १० ऑक्टोबर अशी तारीख असलेले निवेदन. हे सगळे ताडून पाहायला संसदेतील चर्चेचे छापील वृत्तान्त आहेत. बिलावरील चर्चा, आंबेडकर-नेहरू पत्रव्यवहार आणि निवेदन हे सारे महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केलेल्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालेच्या चौदाव्या खंडात, वसंत मून यांच्या संपादनाखाली, एकत्र मिळते.

सुरुवात ऑगस्टच्या पत्रापासून करू. आंबेडकर लिहितात की प्रकृती चिंतेची झाली आहे, डॉक्टर दीर्घ उपचारांचा आग्रह धरत आहेत. पण स्वतःला डॉक्टरांच्या हवाली करण्याआधी बिल मार्गी लागलेले त्यांना हवे आहे. म्हणून १६ ऑगस्टला ते चर्चेला घ्यावे आणि १ सप्टेंबरपर्यंत संपवावे. नेहरूंच्या उत्तराचा सूर समजुतीचा आहे : विरोध आतूनही आहे आणि बाहेरूनही, तेव्हा जरा दमाने घ्यावे, मंत्रिमंडळाने सप्टेंबरच्या सुरुवातीला विषय घ्यायचे ठरवले आहे. दोन्ही पत्रांत कटुता नाही. एकाला घाई आहे आणि दुसऱ्याला नाही, एवढे मात्र स्पष्ट दिसते.

बिल मुळात आंबेडकरांचे नव्हते, हेही इथेच नोंदवायला हवे. १९४१ साली नेमलेल्या बी. एन. राव समितीने त्याचा पाया घातला. त्या समितीत पुण्याच्या विधि महाविद्यालयाचे ज. र. घारपुरे होते. मसुदा केंद्रीय विधिमंडळात मांडला गेला तो ११ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे आंबेडकर मंत्री होण्याच्या चार महिने आधी. त्यांच्या हाती आले ते दुसऱ्यांनी तयार केलेले, अर्धवट वाटचाल झालेले विधेयक. मग त्यांनी त्यात आपले काय घातले?

इथे प्राध्यापक आंबेडकरांची आठवण ठेवावी लागते. ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात भारतातील जातींवर एक निबंध वाचला होता. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा जातीबाहेरचे लग्न रोखण्यासाठी कशा उपयोगी पडतात, हा त्याचा गाभा. स्त्रीवरचे बंधन हा जातीचा आनुषंगिक दोष नसून तिचे यंत्रच आहे, असा त्याचा अर्थ होतो. पुढे ते सिडनॅम महाविद्यालयात अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि १९३५ पासून मुंबईच्या शासकीय विधि महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. या निबंधापासून थेट बिलापर्यंत रेघ ओढण्याचा मोह होतो. ती रेघ अनुमानाची आहे, हे मान्य करूनच ओढावी. मात्र बत्तीस वर्षांनंतरची भाषणे वाचताना ती निराधार वाटत नाही.

९ एप्रिल १९४८ चे भाषण घ्या. बिल प्रवर समितीकडे पाठवण्याच्या ठरावावरचे. ते मंत्र्याचे कमी आणि वर्गात शिकवणाऱ्याचे अधिक आहे. हिंदू वारसाकायद्याच्या दोन परंपरांपैकी मिताक्षरा काय म्हणते, दायभाग काय म्हणतो, मसुदा कुठे कोणाकडे झुकतो, हे ते एकेक मुद्दा हातात घेऊन सांगतात. वारशाने आलेल्या मिळकतीवर बाईचा हक्क तेव्हा मर्यादित असे. ती हयातीपर्यंत उपभोग घेई. तिच्यामागे मिळकत पतीच्या वारसांकडे जाई आणि तिने केलेल्या विक्रीला ते वारस कोर्टात आव्हान देऊ शकत. स्त्रीधनावर मात्र तिची मालकी होती. आंबेडकरांनी सदस्यांपुढे ठेवलेला प्रश्न साधा होता : जी बाई स्त्रीधनाची विल्हेवाट लावायला लायक आहे, ती वारशाने आलेल्या जमिनीची लावायला नालायक कशी ठरते? याला सरळ उत्तर देणे विरोधकांना अवघडच होते. याच वर्षी प्रवर समितीने मुलीचा वाटा, जो राव समितीच्या मसुद्यात मुलाच्या निम्मा होता, मुलाइतका केला.

घटस्फोटाच्या कलमांवर सर्वाधिक गदारोळ झाला. पण मुंबई प्रांताने द्विभार्याप्रतिबंधाचा कायदा १९४६ मध्ये आणि हिंदू घटस्फोटाचा कायदा १९४७ मध्ये केलेलाच होता. दिल्लीत जे अभूतपूर्व म्हणून गाजत होते, ते इकडे कायद्याच्या पुस्तकात बसले होते.

आता निवेदनातील घटनाक्रम पाहू. तो आरोपपत्रासारखा मांडला आहे. प्रवर समितीचा अहवाल १२ ऑगस्ट १९४८ ला आला. चर्चा १९४९ च्या फेब्रुवारीत चार दिवस, मार्चमध्ये एक, एप्रिलमध्ये दोन आणि डिसेंबरात एक दिवस. १९ डिसेंबर १९४९ ला बिल विचारात घेण्याचा ठराव संमत झाला. १९५० मध्ये एकही दिवस नाही. मग ५ ते ७ फेब्रुवारी १९५१, आणि त्यानंतर थेट १७ सप्टेंबर. यांतल्या मुख्य तारखा चर्चेच्या वृत्तान्तांत सापडतात, त्यामुळे हा भाग भक्कम मानता येतो. काँग्रेस पक्षाच्या बैठकीत १२० पैकी केवळ वीस जण विरोधात होते आणि ४४ कलमे साडेतीन तासांत संमत झाली, हे निवेदनातले आकडे मात्र एकाच बाजूचे आहेत. ते खोटे आहेत असे म्हणायला आधार नाही. पण त्यांचे वजन तेवढेच धरावे.

१७ सप्टेंबरला चर्चेला आले ते पूर्ण बिल नव्हते. फक्त विवाह आणि घटस्फोटाचा भाग वेगळा काढून पुढे न्यायचा, ही नेहरूंची सूचना आंबेडकरांनी मान्य केली होती. त्याच्या दोनच दिवस आधी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी नेहरूंना लिहिले होते. अशा मूलगामी बदलासाठी या सभागृहाला जनादेश नाही, आणि बिलाला संमती देताना आपण आपल्या विवेकाने वागू इच्छितो, असा त्याचा आशय. नेहरूंनी महान्यायवादी सेटलवाड आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचे मत घेतले. राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानेच चालले पाहिजे, असे ते मत होते. म्हणजे कायद्याच्या वाटेवर हे पत्र आडवे येत नव्हते.

तरीही काही दिवसांतच, चार कलमे संमत झाल्यावर, बिल सोडून देण्यात आले. सभागृहाने ते मतदानाने फेटाळले नाही. निर्णय सभागृहाबाहेर झाला, आणि वृत्तान्त लिहिणारा लघुलेखक तिथे नव्हता. आंबेडकरांच्या म्हणण्यानुसार बिल सोडण्याची सूचना खुद्द पंतप्रधानांची होती, आणि पक्षादेश काढून चर्चेला कालमर्यादा घालण्याचा निर्धार त्यांनी दाखवला नाही. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान २५ ऑक्टोबरला सुरू होणार होते, ही गोष्ट कागदांत आहे. तीच निर्णायक ठरली, हा तर्क आहे. माझ्या मते तो राष्ट्रपतींच्या पत्रापेक्षा बलवत्तर आहे.

२७ सप्टेंबरचे पत्र छोटे आहे आणि त्यातच या प्रकरणाची किल्ली आहे. राजीनाम्याचा विचार बऱ्याच काळापासून मनात होता, असे ते लिहितात. या संसदेची मुदत संपण्याआधी बिल पार पडेल या आशेने थांबलो होतो, आता थांबण्यात अर्थ नाही. निवेदन हेच सविस्तर सांगते. नियोजन खाते देण्याचे आश्वासन पाळले गेले नाही, मंत्रिमंडळाच्या समित्यांतून वगळले गेले, अनुसूचित जातींकडे दुर्लक्ष झाले, मागासवर्गीयांसाठी आयोग नेमला गेला नाही, परराष्ट्र धोरण पटत नव्हते. आजारपणामुळे पद सोडले असे कोणी म्हणेल, ही शंका ते स्वतःच खोडून काढतात. ऑगस्टचे पत्र वाचलेल्याला ही सावधगिरी का, ते समजते.

निवेदनाविषयी एक खबरदारी घ्यावी लागते. ते सभागृहासाठी लिहिले होते, पण तिथे वाचले गेले नाही. उपसभापती अनंतशयनम अय्यंगार यांनी प्रत आधी मागितली. आंबेडकरांनी नकार दिला, ते सभात्याग करून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांना दिले. त्यामुळे या मजकुराला संसदेतल्या प्रतिप्रश्नांची कसोटी लागलेली नाही. तरी राजीनामापत्र आणि निवेदन यांच्यात मध्यवर्ती मुद्द्यावर विसंगती नाही.

म्हणून रूढ विधान थोडे फिरवून घ्यावे लागते. जाण्याची कारणे अनेक होती आणि ती जुनी होती. हिंदू कोड बिल हे राहण्याचे कारण होते. ते संपले तेव्हा मंत्रिपदही संपले.

बिलाचे तुकडे पुढे हरी विनायक पाटसकर कायदामंत्रालयात असताना संमत झाले : विवाह कायदा मे १९५५ मध्ये, वारसा कायदा जून १९५६ मध्ये. मुलाचा वडिलोपार्जित मिळकतीवरचा जन्मसिद्ध हक्क वारसा कायद्याने कायम ठेवला. तो काढून टाकण्याची तरतूद आंबेडकरांनी पुढे नेलेल्या मसुद्यात होती. मुलींना तोच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ साली दिला आणि केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून.