पैलवानाचा खुराक आणि त्याचा पोशिंदा

दक्षिण महाराष्ट्रातील कुस्तीविषयीचे लेखन बहुतांशी डाव, गाजलेल्या लढती आणि किताब यांभोवती फिरत राहिले असून, पैलवानाच्या खुराकाकडे, म्हणजे नेहमीच्या जेवणाखेरीज त्याला रोज मिळणाऱ्या दूध, तूप, बदाम, अंडी, मटण अशा पौष्टिक आहाराकडे, त्यात फारसे लक्ष दिलेले आढळत नाही. वास्तविक तालमीत कोण उतरणार, तेथे किती वर्षे टिकणार आणि कोणत्या प्रकारची कुस्ती खेळणार, हे ठरवण्यात या खुराकाचा, आणि त्याहूनही अधिक त्याचा खर्च उचलणाऱ्याचा, वाटा मोठा होता.

मल्लाला पोसण्याची जबाबदारी राजाची, ही कल्पना जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात मल्लविनोद नावाचे प्रकरण असून, त्यात मल्लांचे वय, बांधा व बळ यांनुसार वर्ग पाडलेले आहेत आणि त्यांना डाळी, मांस, दूध, साखर व उत्तम मिष्टान्ने राजाने पुरवावीत, असे सांगितले आहे. गुजरातमधील मोढेरा येथील ज्येष्ठीमल्ल या व्यावसायिक मल्लांच्या परंपरेशी निगडित असलेले ‘मल्लपुराण’ आणखी पुढे जाऊन कोणत्या ऋतूत मल्लाने काय खावे, याचाही तपशील देते. आयुर्वेदाचा विचार याच दिशेचा होता; बलवान असलेल्या आणि स्निग्ध, म्हणजे तूपतेलाचा, आहार घेणाऱ्या माणसानेच थंडीत व वसंतात व्यायाम करावा आणि तोही निम्मी शक्ती खर्च होईल इतकाच, असे वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त नमूद केले आहे. तालमीतील मेहनतीने ही निम्म्या शक्तीची मर्यादा कधीच मानली नाही, परंतु स्निग्ध आहाराचा आग्रह मात्र तिने पूर्णपणे उचलला.

कोल्हापुरात या राजाश्रयाला सर्वांत भक्कम रूप आले ते शाहू महाराजांच्या कारकिर्दीत. 1894 मध्ये राज्यकारभार हाती घेतल्यानंतर त्यांनी तालमींना आश्रय दिला, दूरदूरच्या मल्लांना संस्थानात बोलावले आणि 1902 च्या युरोप प्रवासात पाहिलेल्या रोममधील प्राचीन प्रेक्षागाराच्या धर्तीवर उभारलेले खासबाग मैदान 1912 मध्ये कुस्तीसाठी खुले झाले. मैदानाची वास्तू आज डोळ्यांसमोर आहे म्हणून तिचे कौतुक सहज होते. पण दरबाराकडून पैलवानांना मिळणारा खुराक हा त्या वैभवाचा तितकाच महत्त्वाचा, किंबहुना अधिक महत्त्वाचा, पाया होता, कारण दुपारच्या भाकरीची चिंता असलेला मुलगा पहाटे हौद्यात, म्हणजे तालमीतील तांबड्या मातीच्या आखाड्यात, शेकडो जोर-बैठका काढू शकत नाही.

या खुराकाची घडण मेहनतीच्या वेळापत्रकाशी बांधलेली होती. पहाटेचे जोर, बैठका आणि लढती संपल्यावर घाम जिरला की थंडाई घेतली जाई. रात्री भिजवून साले काढलेले बदाम, खसखस, बडीशेप, काळी मिरी व वेलदोडे दगडी कुंडीत लाकडी सोट्याने घोटून, त्यात दूध व खडीसाखर घालून ती तयार होते आणि ती घोटण्याचे काम तालमीतील धाकट्या पोरांकडे असते. उत्तर भारतातील अनेक आखाड्यांनी शाकाहाराचा कटाक्ष पाळला, तर कोल्हापूरच्या तालमींत दूध-तुपाच्या जोडीला अंडी, मटण आणि तिखट-मसाला जवळजवळ नसलेला अळणी रस्सा यांना मानाचे स्थान मिळाले. म्हशीचे धारोष्ण, म्हणजे नुकतेच काढलेले कोमट दूध गिऱ्हाइकासमोर काढून देणारे कोल्हापुरातील दूधकट्टे याच संस्कृतीत वाढले. वस्ताद, म्हणजे तालमीतील गुरू, खुराकाच्या मापापेक्षा तो पचतो की नाही याकडे अधिक लक्ष देत. पचन बिघडलेल्या पोराचे तूप कमी करणे किंवा त्याची मेहनत वाढवणे, हे निर्णय अनुभवाच्या नजरेने घेतले जात. या नजरेला हिशेबाचाही आधार देता येतो. म्हशीच्या एक लिटर दुधातून सुमारे हजार कॅलरी आणि चाळीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात, तर कठोर सराव करणाऱ्या खेळाडूला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज 1.2 ते 2 ग्रॅम प्रथिने हवीत, असे आजचे क्रीडापोषणशास्त्र सांगते. म्हणजे दोन लिटर दुधावर सत्तर किलोच्या पैलवानाच्या गरजेचा मोठा भाग भागत असे. जुन्या वस्तादांच्या ज्ञानाला अडाणी ठरवणारी टीका त्यामुळे अन्यायाची आहे. मात्र स्निग्धांशाचा अतिरेक हा या आहाराचा खरा दोष होता आणि तो कुस्ती सुटल्यावर, मेहनत थांबूनही भूक तशीच राहिल्यावर, शरीराला जाणवे.

1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि खुराकाचा भार प्रामुख्याने शेतकरी कुटुंबांवर आला. तालमीतल्या मुलासाठी घरची म्हैस राखणे, तिचे दूध विकायचे सोडून त्याच्याकडे धाडणे आणि उसाच्या बिलातून बदाम-तुपाची तजवीज करणे, हा पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य घरांचा नित्यक्रम झाला. जत्रेच्या फडातील इनामाची रक्कमही बहुधा खुराकातच जाई. घरातील बाकीच्यांनी, विशेषतः आयाबहिणींनी, स्वतःच्या ताटातले कमी करून हा खर्च पेलला, आणि किताबांच्या यादीत त्यांचा उल्लेख कोठेही नाही.

याच काळात कुस्तीचे मापही बदलू लागले. मातीच्या फडात जोड, म्हणजे परस्परांशी लढणारी जोडी, वजनकाट्यावर न ठरता जाणत्यांच्या नजरेने ठरे, त्यामुळे अंगावर चढलेला प्रत्येक किलो हे भांडवल होते. ऑलिंपिकमध्ये मात्र वजनगटाची मर्यादा निर्णायक होती. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि 1952 मध्ये हेलसिंकीत त्यांनी 57 किलो गटात कांस्यपदक मिळवले. त्या प्रवासासाठी गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि राजाराम कॉलेजच्या प्राचार्यांनी घर गहाण टाकले, यावरून राजाश्रयानंतरची स्थिती कळते. या नव्या कुस्तीत खुराकाइतकेच वजन उतरवण्याचे तंत्र महत्त्वाचे ठरले. 2018 पासून आंतरराष्ट्रीय स्पर्धांत गटाच्या लढतींच्या दोन्ही दिवशी सकाळी वजन घेतले जाऊ लागल्याने, एका दिवसापुरते पाणी तोडून गट गाठण्याची वाट अवघड झाली. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट 50 किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी केवळ 100 ग्रॅम जास्त भरल्याने अपात्र ठरली.

तरीही जुना खुराक तालमीतून गेलेला नाही, आणि त्याचे कारण केवळ परंपरेवरील प्रेम नव्हे. 1961 पासून दिल्या जाणाऱ्या महाराष्ट्र केसरी किताबासाठी आज गादी, म्हणजे मॅट, आणि माती असे दोन विभाग असून त्यांच्या विजेत्यांत अंतिम लढत होते, पण त्या किताबाचा गट 86 ते 125 किलोंचा आहे. या किताबाची, राज्यात मानाची समजली जाणारी चांदीची गदा अशा रीतीने अजूनही भारी वजनाच्या मल्लाकडेच जाते, त्यामुळे 57 किंवा 61 किलो गटात देशासाठी खेळू शकणाऱ्या मुलालाही घरचे लोक वजन वाढवण्याचाच आग्रह धरतात आणि बदाम-तुपाचा खर्च त्याच हिशेबाने करत राहतात.