वेधशाळेतील डोळा आणि यंत्र

अंतराळाचा पुढील शोध मनुष्याने घ्यावयाचा की तो विचारक्षम यंत्रांच्या स्वाधीन होणार, हा प्रश्न आजच्या काळाचा वाटत असला, तरी निरीक्षकाची जागा यंत्राने घेण्याचा इतिहास कोकणच्या किनाऱ्यावर दीडशे वर्षांचा आहे, आणि तो मुंबईतील कुलाबा व रायगड जिल्ह्यातील अलिबाग येथील चुंबकीय वेधशाळांच्या नोंदींत पाहावयास मिळतो. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात झपाट्याने होणारे बदल प्रामुख्याने सूर्यावरील घडामोडींमुळे होत असल्याने, ते मोजणारी वेधशाळा जमिनीवर राहूनच अंतराळाचा वेध घेत असते.

कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ मध्ये स्थापन केली आणि तेथे चुंबकीय निरीक्षणे १८४१ मध्ये सुरू झाली. टांगलेल्या चुंबकाचे विचलन निरीक्षकाने ठरलेल्या वेळी डोळ्यांनी वाचावे आणि वहीत उतरवावे, अशी पद्धत होती. २ सप्टेंबर १८५९ रोजी आजवर ज्ञात असलेल्या सर्वांत तीव्र चुंबकीय वादळांपैकी एक पृथ्वीवर आले, तेव्हा कुलाब्याच्या निरीक्षकांनी तासातासाचा नेहमीचा क्रम सोडून थोड्याथोड्या मिनिटांनी वाचने घेतली. क्षेत्राच्या क्षैतिज, म्हणजे जमिनीला समांतर असलेल्या घटकात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची घट झाल्याचे त्यांवरून दिसते. नॅनोटेस्ला हे अतिसूक्ष्म एकक आहे, परंतु एरवीच्या मोठ्या वादळातही या अक्षांशावरची घट काही शे एककांतच राहते.

त्याच वेळी लंडनजवळील क्यू येथे मात्र यंत्र आपोआप नोंद करीत होते: चुंबकावरील आरशातून परावर्तित झालेला प्रकाशबिंदू फिरत्या छायाचित्रण-कागदावर रेषा उमटवी. आदल्या दिवशी खगोलशास्त्रज्ञ रिचर्ड कॅरिंग्टन यांना सूर्यावर प्रखर ज्वाला दिसली, त्याच क्षणी क्यूच्या रेषेत एक बारीक झटका उमटला, जो ताशी वाचनातून निसटण्याचाच संभव अधिक होता. दुसऱ्या दिवशी वादळ टिपेला पोहोचले तेव्हा तो प्रकाशबिंदू कागदाबाहेर गेला. उत्तरेकडे वादळाचा जोर अधिक असतो हे मान्य करूनही, यंत्राने क्षण पकडला आणि मनुष्याने वादळ पकडले, ही गोष्ट या इतिहासातील सर्वांत मोलाची आहे. कारण वाचनांचा वेग वाढविण्याचा निर्णय अनपेक्षित प्रसंगी, प्रसंग ओळखून घेतलेला होता.

१८७२ मध्ये कुलाब्यातही छायाचित्रण-यंत्रे आली आणि डोळ्यांनी वाचन करण्याचे काम मागे पडले. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम आणण्याचे ठरले. त्यांच्या प्रवाहाने चुंबकीय नोंदी बिघडणार हे ओळखून संचालक नानाभाई अर्देशिर फ्रामजी मूस यांनी वेधशाळा १९०४ मध्ये अलिबागेस हलविली, आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणच्या नोंदी समांतर ठेवल्या, म्हणजे जुनी मालिका नव्या जागी तुटू नये. अलिबागची इमारत चुंबकत्व नसलेल्या पोरबंदर दगडाची आहे. 

नोंद बिघडविणाऱ्या प्रभावापासून मापकाला दूर ठेवण्याचे अलिबागचे तत्त्व पुढे अंतराळातही गेले. २ सप्टेंबर २०२३ रोजी निघालेले आदित्य-एल१ हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर अंतरावरून सूर्याकडे पाहते, आणि त्याचे चुंबकत्वमापक यानाच्या स्वतःच्या चुंबकत्वापासून दूर राहावे म्हणून ६ मीटर लांबीच्या दांड्यावर बसविलेले आहेत. तेथे निरीक्षक बसविण्याची कल्पनाही व्यवहार्य नाही. ऑगस्ट १९७२ मधील सौर वादळ अपोलो १६ आणि १७ या मोहिमांच्या मधल्या काळात आले म्हणूनच चंद्रावर जाणारे अंतराळवीर त्याच्या किरणोत्साराच्या माऱ्यातून वाचले. शिवाय यंत्रे आता केवळ नोंद करून थांबत नाहीत: चांद्रयान-३ च्या अवतरकाने २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रावर उतरताना अखेरचे निर्णय स्वतःच घेतले. म्हणजे १८५९ मध्ये निरीक्षकाने प्रसंग ओळखून जो निर्णय घेतला, त्या जातीचे निर्णयही आता यंत्राकडे जाऊ लागले आहेत, आणि जेथे संदेश पोहोचण्यासच तास लागतात अशा अंतरावर ते त्याच्याकडे पूर्णपणे जातील, हे मानणे भाग आहे. तरीही नोंद घेणे आणि तिचा अर्थ लावणे ही दोन कामे वेगळी आहेत. मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या कुलाब्याच्या नोंदींचे विश्लेषण १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले, आणि १८५९ च्या वादळाच्या तीव्रतेचा अंदाज तर २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लखिना यांचा सहभाग असलेल्या संशोधकांनी कुलाब्याच्या निरीक्षकांनी तेव्हा नोंदविलेल्या आकड्यांवरून बांधला.