ब्रह्मपुरीच्या पुराणवस्तु आणि व्याख्यात्याचें कर्तव्य

पोथी हातीं येतांच संग्राहक प्रथम शेवटचें पान उलटतो. पुष्पिकेंत लेखकाचें नांव, शक व गांव मिळालें, तर ती प्रत इतर शंभर प्रतींहून वेगळी ठरते. तें पान गहाळ असलें, म्हणजे अक्षराच्या वळणावरून अंदाज बांधीत बसावें लागतें. जमिनींतून निघालेल्या वस्तूची पुष्पिका म्हणजे तिचें सांपडण्याचें ठिकाण व थर. पुराणवस्तूंवरील सार्वजनिक व्याख्यानांत या गोष्टीस अग्रस्थान असावें, असें आमचें मत आहे. आणि तें पटविण्यास कोल्हापुरासारखें सोयीचें स्थळ विरळा.

पंचगंगेच्या कांठीं ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १८७७ सालीं जुन्या नाण्यांचा सांठा मिळाला. विळिवायकुर, सिवलकुर हीं राजांचीं नांवें त्यांवर स्पष्ट आहेत, व एकाच्या नाण्यावर दुसऱ्यानें ठसा मारल्यामुळें त्यांचा अनुक्रमही लागतो. म्हणजे नाणें आपली पुष्पिका अंगावरच वागवितें.

१९४४ सालीं याच टेकडींत मिळालेल्या कांस्यवस्तूंची गोष्ट निराळी. त्यांत यवनांचा सागरदेव पोसायडन याची लहानशी मूर्ति होती. या संग्रहाकडे विद्वानांचें लक्ष वेधण्याचें श्रेय प्रा. कुंदणगार यांचें. मूर्ति भूमध्य समुद्राकडील घडणीची, सुमारें इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील मानितात. पण तिच्यावर एकही अक्षर नाहीं. हीच मूर्ति एखाद्या संस्थानिकाच्या दिवाणखान्यांत आढळती, तर विलायतेहून विकत आणिली असेल, असें म्हणून कोणीं तिच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलेंही नसतें!

पुढें १९४५-४६ मध्यें डेक्कन कॉलेजचे डॉ. सांकळिया व डॉ. दीक्षित यांनीं तेथें पद्धतशीर उत्खनन केलें. त्याचा वृत्तांत १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. वरच्या थरांत बहामनी काळच्या कांचेच्या बांगड्या, तर खालीं सातवाहनकालीन विटांचीं घरें निघालीं. तेव्हां कोठें त्या मुक्या देवास घर, गांव व काळ लाभला. तथापि यावरून रोमक लोक येथें वसले होते, असें सिद्ध होत नाहीं. बंदरांतून घाट चढून माल अनेक हातांनीं येतो. तसेंच पोसायडनाचें आयुध त्रिशूल, म्हणून त्याचें शिवाशीं नातें जोडणेंही अयोग्य. व्याख्यात्यानें श्रोत्यांस जितकें सांगावें, तितकेंच कोठें थांबावें हेंही दाखवावें.

कोल्हापूरचें वस्तुसंग्रहालय १९४६ सालीं स्थापन झालें व १९४९ पासून टाऊन हॉलांत आहे. १८ मे रोजीं संग्रहालय दिन आणि १९ ते २५ नोव्हेंबर या दिवसांत वारसा सप्ताह असतो. त्या निमित्तानें व्याख्यानाचा पूर्वार्ध ब्रह्मपुरीवर नदीकडे पाहात व उत्तरार्ध टाऊन हॉलांत व्हावा, अशी आमची सूचना आहे. श्रोत्यांत विद्यार्थी असावेतच. पण गवंडी, शेतकरी व भांड्यांचे व्यापारी यांसही आवर्जून बोलवावें. कारण पुढचा ठेवा पंडिताच्या नव्हे, कुदळवाल्याच्या हातीं लागणार. १८७८ च्या निखात निधि कायद्याप्रमाणें दहा रुपयांवरील ठेव्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यास द्यावी लागते, हें त्यास ठाऊक नसलें, तर तांब्या-पितळेची वस्तु वजनावर मोडींत जाते.

आमच्या संग्राहक मित्रांसही एवढीच विनंति: वस्तु घेतांना ती कोठून व कशी निघाली, याची नोंद त्याच दिवशीं लिहून तिच्याजवळ ठेवावी. विसरलेलें ठिकाण मागाहून कोणासही खणून काढतां येत नाहीं.