मूत्रपिंडाच्या इजेची मोजपट्टी आणि लहान मुले

तीन वर्षांचे मूल अतिदक्षता विभागात आहे. त्याच्या रक्तातले क्रिएटिनिन परवा ०.३ मिलिग्रॅम होते, आज ०.६ आहे. मोठ्या माणसांच्या कोष्टकात हा आकडा निर्धोक ठरतो, म्हणून अहवालावर कुठे खूण होत नाही. प्रत्यक्षात त्या मुलाच्या मूत्रपिंडांची गाळण्याची ताकद, ढोबळ हिशेबाने, निम्म्यावर आलेली असते. या दुपटीला नाव आणि पायरी देणारी सर्वमान्य व्याख्या वैद्यकाजवळ एकविसावे शतक उजाडेपर्यंत नव्हती.

आजाराची ओळख मात्र जुनी. १९४१ साली, लंडनवर बाँब पडत असताना, बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी चार रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली. ढिगाऱ्याखाली पाय चिरडलेली ही माणसे जिवंत बाहेर निघाली, आणि नंतर त्यांची मूत्रपिंडे बंद पडली. पुढे ‘अक्यूट रीनल फेल्युअर’ हे नाव रूढ झाले. त्याचे श्रेय होमर स्मिथ यांच्या १९५१च्या ग्रंथाला दिले जाते. या नावातच एक अडचण होती. ‘निकामी’ हा शब्द शेवटच्या टोकाचा आहे. निम्मे बिघडलेले, बिघडू लागलेले असे त्यात काही बसत नाही. परिणामी जो तो आपापली रेघ ओढू लागला. तिसाहून अधिक व्याख्या प्रचारात होत्या, आणि एका रुग्णालयाचे आकडे दुसऱ्याच्या आकड्यांशी ताडून पाहण्याची सोय नव्हती.

२००२ साली इटलीतील व्हिचेन्झा येथे तज्ज्ञ जमले. तिथल्या चर्चेतून आलेली मोजपट्टी २००४मध्ये छापली गेली. तिचे नाव ‘रायफल’. बंदुकीशी संबंध नाही. धोका, इजा, निकामी होणे, कार्य गमावणे आणि अखेरची अवस्था या पाच इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरे. ‘निकामी’च्या आधी दोन पायऱ्या आल्या, हे तिचे खरे मोल. पण ती बेतली होती प्रौढांच्या मापाने.

मुलांचे गणित वेगळे, कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येते. माक्स याफे यांनी १८८६मध्ये पिक्रिक आम्लाशी होणारी त्याची रंगक्रिया नोंदवली, आणि तिच्यावर आधारलेली तपासणी आजही अनेक प्रयोगशाळांत चालते. रंग अचूक उमटेलही. पण ज्याचे स्नायूच मूठभर, त्याचा आकडा मुळातच लहान. म्हणून जॉर्ज श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी १९७६मध्ये मुलाची उंची हिशेबात घेणारे सूत्र दिले. २००७ साली ह्यूस्टनच्या डॉक्टरांनी त्याच्याच आधारे ‘रायफल’ची बालआवृत्ती केली. कृत्रिम श्वासावर किंवा रक्तदाब टिकवणाऱ्या औषधांवर असलेल्या १५० मुलांना ती लावली, तर १२३ मुले तिच्या कक्षेत आली. जाळे फार बारीक विणले गेले, अशी शंका येथे घेता येते. मला तो दोष वाटत नाही. इतकी आजारी मुले निवडल्यावर दुसरे काय दिसणार?

२०१२मध्ये ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय गटाने लहानथोरांसाठी एकच पट्टी आखली. दोन दिवसांत क्रिएटिनिन ०.३ने किंवा सात दिवसांत दीडपट वाढले, तर पहिली पायरी; दुप्पट झाले तर दुसरी; तिप्पट झाले तर तिसरी. आपले तीन वर्षांचे मूल या पट्टीवर दुसऱ्या पायरीवर उभे आहे. पण पटीत मोजायचे तर मूळ आकडा हवा, आणि धडधाकट मुलाचे क्रिएटिनिन कोण तपासून ठेवतो? तेव्हा बहुधा तो अंदाजानेच धरावा लागतो.

या पट्टीचा दुसरा निकष लघवीचा. सहा तास ती किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरहून कमी झाली, तरी पहिली पायरी. दहा किलोच्या मुलाला हे ताशी पाच मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक चमचा. ‘लघवी झाली का?’ हा घरातल्या आजीचा प्रश्न असा घड्याळ आणि मापासह व्याख्येत आला. नळी घातलेली नसेल तर परिचारिका ओला लंगोट तोलतात. कोरड्याचे वजन वजा केले की एक ग्रॅमला एक मिलिलिटर. काम कटकटीचे, त्यामुळे अनेक अभ्यासांनी हा निकष बाजूलाच ठेवला. त्याची किंमत २०१७मध्ये कळली. ‘अवेअर’ या अभ्यासात ३२ बाल-अतिदक्षता विभागांतील ४,६८३ रुग्ण होते. सुमारे २७ टक्क्यांना मूत्रपिंडाची इजा आढळली, ११.६ टक्क्यांना दुसऱ्या किंवा तिसऱ्या पायरीची. या गंभीर गटात ११ टक्के दगावले. बाकीच्यांत अडीच टक्के. आणि ज्यांची लघवी कमी झाली होती, त्यांतल्या ६७ टक्क्यांची इजा नुसत्या क्रिएटिनिनवरून ओळखूच आली नसती.

क्रिएटिनिन उशिरा चढते, हे त्याचे एक कारण. दुसरे असे, की आजारी मुलाला सलाईन भरपूर दिले जाते. त्या पाण्यात क्रिएटिनिन पातळ होते आणि आकडा फसवा दिसतो.

नवजात बाळापाशी ही पट्टीही अडते. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत त्याच्या रक्तातले क्रिएटिनिन बरेचसे आईचे असते. निरोगी बाळात ते चढण्याऐवजी दिवसागणिक उतरायला हवे. म्हणून नवजातांसाठी पट्टी पुन्हा बदलून घ्यावी लागली, आणि तिथे आकडा नुसता जागच्या जागी थांबला तरी डॉक्टर सावध होतात.