पाण्याच्या पोटातली आग : तांब्याच्या बंबाची कुळकथा

थंड मुलुखांतील घरांत भिंतीत बांधलेली शेकोटी, जिला मराठीतही फायरप्लेस म्हणण्याचा प्रघात आहे, आणि तिच्या अवतीभवती ठेवले जाणारे चिमटे, सळया, राख ओढण्याची फावडी व पितळी जाळ्या हा जुन्या वस्तू जमवणाऱ्यांच्या फार आवडीचा विषय आहे. महाराष्ट्रात अशा शेकोट्या आल्या त्या मुख्यतः थंड हवेच्या ठिकाणी बांधलेल्या साहेबी बंगल्यांतून. 1828 मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत महाबळेश्वरची वसाहत आकाराला येऊ लागली आणि 1850 मध्ये ह्यू मॅलेट यांनी माथेरानची वाट दाखवली. पण डोंगरावरची ही चाल पायथ्याच्या गावांत उतरली नाही. पनवेल तालुक्यातील नावडे हे असेच खालचे, खाडीच्या दमट हवेचे गाव असून तेथे खोली तापवण्याची गरज ऐन पौषातही क्वचितच पडते. या पट्ट्यात घरातील आगीची ठिकाणे दोन होती : एक स्वयंपाकघरातली चूल आणि दुसरी न्हाणीघरात आंघोळीचे पाणी तापवण्याची. नावड्याच्या आसपास सिडकोने वसवलेल्या इमारतींतून ही दोन्ही ठिकाणे नाहीशी झाली असली, तरी दुसऱ्या ठिकाणची एक वस्तू, तांब्याचा बंब, आता शोभेची म्हणून दिवाणखान्यात येऊ लागली आहे. ती निवडायची कशी, हे तिचे कूळ पाहिल्याखेरीज नीट कळत नाही.

बंबापूर्वीची व्यवस्था साधी होती. न्हाणीत मातीची किंवा दगडाची चूल मांडून तिच्यावर तांब्याचा हंडा चढवला जाई आणि गोव्यात याच कामाच्या मोठ्या भांड्याला भाण म्हणत. तापलेले पाणी घंगाळात, म्हणजे दोन बाजूंना कड्या असलेल्या पसरट भांड्यात, काढून त्यात विसण घालून आंघोळ होई. या रचनेत आग भांड्याच्या खाली असते, म्हणून ज्वाळेची बरीचशी उष्णता भांड्याच्या बाहेरून निसटते, सरपण जास्त लागते आणि न्हाणी धुराने भरते. बंबाने हाच क्रम उलटा केला आणि आग पाण्याच्या मधोमध नेऊन ठेवली. बाहेरून उभ्या पिंपासारखे दिसणारे हे भांडे खरे तर दुहेरी असते. मध्यभागी तळापासून वरपर्यंत गेलेली, वर किंचित निमुळती होणारी नळी, आणि तिच्या भोवतालच्या पोकळीत पाणी. नळीच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राख पडण्याची जागा, खाली तीन किंवा चार पाय आणि अंगाला पितळी तोटी. वरून टाकलेल्या करवंट्या, ढलप्या किंवा कोळसा पेटला, की नळीतली तापलेली हवा वर चढते, तिच्या जागी जाळीतून थंड हवा आत ओढली जाते आणि फुंकणी न लावताही विस्तव फुललेला राहतो. विस्तवाच्या चहूबाजूंनी पाणीच असल्याने उष्णतेला वाया जाण्याची वाट फारशी उरत नाही.

हे तत्त्व एकट्या महाराष्ट्राचे नव्हे. रशियातील तुला येथे 1778 मध्ये लिसित्सिन बंधूंच्या कारखान्यात घडू लागलेला समोवार, काश्मिरी कहव्याचा समावार आणि इसवी सन 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडलेली रोमन जलतापक भांडी यांतही आग पाण्याच्या पोटात ठेवलेली दिसते. मात्र ती पिण्याच्या पाण्याची किंवा पेयाची भांडी आहेत. बंबाचे वेगळेपण असे की, हीच युक्ती येथे कुटुंबाच्या आंघोळीसाठी, म्हणजे कितीतरी मोठ्या मापावर, वापरली गेली. ज्या समाजात सकाळचे स्नान हा दिनक्रमाचा पाया होता, तेथेच ती अशी वाढावी हे स्वाभाविक आहे. नरकचतुर्दशीच्या आदल्या दिवशी बंब चिंचेने किंवा आमसुलाने लखलखीत घासून, पाणी भरून, झेंडूची माळ घालून सज्ज ठेवण्याची रीत त्या वस्तूचे घरातले मानाचे स्थान सांगते.

बंब घडवणाऱ्यांत पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीचे नाव अग्रभागी आहे. तेथील तांबट, म्हणजे त्वष्टा कासार, मूळचे कोकणातले आणि पेशवाईच्या काळात पुण्यात येऊन स्थिरावलेले, अशी परंपरा सांगितली जाते. त्यांच्या हातची खूण म्हणजे मठारकाम : भांडे लोखंडी टेकूवर धरून गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने एकाशेजारी एक असे ठोके देत जाणे, जेणेकरून पृष्ठभागावर छोट्या चकाकत्या पैलूंच्या रांगा उमटतात. ही केवळ नक्षी नव्हे. भट्टीत तापवून निवालेले तांबे मऊ असते आणि थंड स्थितीत बसलेल्या ठोक्यांनी ते कठीण होते, म्हणूनच पातळ पत्र्याचा बंब घागरीमागून घागरी पाणी पोटात घेऊनही आकार सोडत नाही. तांबेच का, याचे उत्तर उष्णता वाहण्यात आहे. ते काम तांबे पितळेच्या तिप्पटीहून आणि स्टेनलेस स्टीलच्या सुमारे पंचवीसपट चांगले करते.

निवड करताना पहिली नजर या कारागिरीवरच गेली पाहिजे. हाताने मठारलेल्या भांड्यात ठोक्यांच्या रांगा सारख्या वाटल्या तरी प्रत्येक पैलू शेजारच्यापेक्षा किंचित वेगळा असतो. साच्यात दाबलेल्या नकलेत तोच तो नमुना फिरून येतो. जुन्या बंबाच्या अंगावरचा उभा सांधा बोटाने चाचपावा. पत्र्याच्या दोन कडांना दाते कापून, ते एकमेकांत अडकवून, वर पितळेचा डाग देऊन जोडलेला सांधा तांबूस अंगावर पिवळसर नागमोडी रेघेसारखा दिसतो. ही रेघ घासून काढता येत नाही आणि खोटी आणणेही सोपे नसते.

त्याहून महत्त्वाची गोष्ट आत आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारातील मटण स्ट्रीटवर किंवा पायधुणीजवळच्या तांबाकाट्यात जुना बंब पाहताना झाकण काढून आत उजेड टाकावा आणि नळी शाबूत आहे ना, हे पाहावे. कुंडी, दिव्याचा खांब किंवा छत्र्या ठेवण्याचे पात्र करण्यासाठी कित्येक बंबांची नळी कापून टाकली जाते. असा बंब कितीही चकचकीत असला तरी घेऊ नये, कारण नळी गेली की उरते ते तांब्याचे रिकामे पिंप, आणि ज्या कल्पनेसाठी तो घडला ती कल्पनाच त्यातून काढून टाकलेली असते. नळीचा आतला भाग काळा, खरबरीत असणे हा दोष नसून वापराचा दाखला आहे. तो खरवडून काढू नये, आणि बाहेरची गडद झळाळी यंत्रावर घासून नव्या नाण्यासारखी करणेही टाळावे. हिरवट गंज मात्र राहू देऊ नये. खाडीकाठच्या हवेत तो भराभर पसरतो, म्हणून तेवढाच भाग आमसूल व मीठ लावून हलक्या हाताने साफ करावा आणि लगेच कोरडा पुसावा.

सोबतच्या सरंजामाची परीक्षा सोपी आहे. चिमटा टोकांशी झिजलेला, फुंकणी एका तोंडाला काळवंडलेली आणि शेगडीची जाळी उष्णतेने थोडी वाकलेली असेल, तर त्या वस्तूंनी काम केले आहे. तोटी बदललेली असणे अगदी सामान्य आहे. पण ती शिसे-कथिलाच्या झाळणाने बसवली असेल, तर त्या बंबात पिण्याचे पाणी साठवू नये. असे झाळण 183 अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागते, म्हणून पाणी न भरता बंब पेटवला की सांधे सुटत. जुन्या घरांत विस्तवाआधी पाणी हा दंडक होता तो यासाठीच.

नावड्याच्या सदनिकेत मात्र बंब पेटवण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. बंद न्हाणीघरात जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो काही मिनिटांत माणसाला बेशुद्ध करून जीव घेऊ शकतो. कौलारू घरांच्या न्हाणीला फटी होत्या आणि पुष्कळदा ती परसात, उघड्यालगत असे. नव्या इमारतीत तशी हवा खेळत नाही. पाय डगमगत असतील तर ते वेल्डिंग न करता रिव्हेटने पुन्हा बसवून घ्यावेत. तांबट आळीत हे काम करणारे हात अजून आहेत, आणि दुरुस्तीला देताना नळीला धक्का न लावण्याची सूचना आधीच द्यावी.